मानसिक आजार असताना भाड्याचे घर: शोधण्यापासून ताबा टिकवण्यापर्यंत

डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, ओसीडी किंवा दुसरा कुठलाही मानसिक आजार असलेल्या माणसाला महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर भाड्याने घर घेता येते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, डॉक्टरचा दाखला लागत नाही आणि वडिलांची किंवा नवऱ्याची सहीही लागत नाही. तरीही अनेकजण पहिल्याच पायरीवर अडखळतात, कारण आपले हक्क नेमके कुठे सुरू होतात हे कुणी नीट सांगितलेले नसते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. घर मिळण्याआधी कायदा तुमच्या फारसा उपयोगी पडत नाही. घरमालकाने "नको" म्हटले तर त्याला घर द्यायला लावणे जवळजवळ अशक्य असते. करारनामा नोंदवला गेला की मात्र परिस्थिती बदलते. आजाराचे नाव पुढे करून तुम्हाला बाहेर काढणे सोपे राहत नाही. म्हणून नकार देणाऱ्याशी वाद घालण्यात ताकद घालवू नका, ती कागद पक्का करण्यात लावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: सही करण्याचा हक्क तुमचाच आहे

"आजार आहे, म्हणजे त्याच्या सहीला अर्थ नाही" असे नातेवाईक म्हणतात, एजंटही म्हणतात. हे चूक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (तो २९ मे २०१८ पासून लागू आहे) कलम ३ मध्ये सांगतो की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो अस्वस्थचित्त (कायद्याच्या भाषेत, आपले भलेबुरे समजून निर्णय घेऊ न शकणारा) ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. १८७२ चा करार कायदा तर त्याहून जुना. त्याच्या कलम १२ नुसार एरवी अस्वस्थचित्त असणारा माणूसही ज्या वेळी स्वस्थचित्त असतो त्या वेळी करार करू शकतो. करारनाम्याच्या छापील मसुद्यात कधीकधी "मी स्वस्थचित्त असून स्वखुशीने सही करीत आहे" असे वाक्य असते. गोळ्या सुरू असल्या तरी तुम्ही त्याखाली निर्धास्त सही करू शकता, कारण ते वाक्य सही करतानाच्या मनःस्थितीबद्दल आहे, तुमच्या केस पेपरबद्दल नाही.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. तब्येत ढासळलेली असताना किंवा आठवडाभर झोप झालेली नसताना घराचा करार करू नका. शक्य असेल तर आठ-पंधरा दिवस थांबा. तशी सही पुढे वादात सापडू शकते. आणि उत्साहाच्या भरात परवडत नसलेले भाडे कबूल केले, तर ते भरावे तुम्हालाच लागते.

पायरी २: घर शोधताना काय सांगायचे

आपला आजार घरमालकाला सांगितलाच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देतात त्या अर्जात ओळख, फोटो, कायमचा पत्ता, नोकरीधंदा अशा गोष्टी असतात, तुमच्या औषधांची यादी नसते. तुमच्या डॉक्टरलाही गप्प राहणे बंधनकारक आहे. वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्याचे कलम २३ तुम्हाला गोपनीयतेचा हक्क देते. घरमालकाने दवाखान्यात फोन करून चौकशी केली, तर तिथून माहिती बाहेर पडता कामा नये.

मात्र गप्प राहणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे. करार कायद्याच्या कलम १७ नुसार, जिथे बोलण्याची जबाबदारी नाही तिथे नुसते मौन ही फसवणूक नसते. पण थेट विचारल्यावर धडधडीत खोटे सांगितले, तर करार झाल्यानंतर तेच तुमच्याविरुद्ध काढले जाऊ शकते. म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवा. "तब्येतीचा विषय माझा खाजगी आहे काका. भाडे वेळेवर येईल, जुन्या घरमालकांचा नंबर देतो, त्यांना विचारून घ्या." विषय तिथेच वळतो, कारण घरमालकाची खरी काळजी दोनच गोष्टींची असते: पैसे वेळेवर येतील का, आणि शेजारचे तक्रार करतील का. त्या दोन्हींचा पुरावा तुमच्या हातात असू द्या. भाडे बँकेतून भरल्याच्या नोंदी, पगाराची किंवा पेन्शनची स्लिप, आधीच्या घरमालकाचे दोन ओळींचे पत्र, एवढ्याने काम होते.

मग सांगायचे कधी? माझे मत असे: घर देताना मालकाकडून तुम्हाला काही वेगळे हवे असेल तेव्हाच, आणि तेही जेवढ्यास तेवढे. आजाराचे नाव सांगण्याऐवजी गरज सांगा. "रात्री फार आवाज झाला की मला झोप लागत नाही, म्हणून मागच्या बाजूची खोली हवी." "उंचावरचा, बिनग्रिलचा फ्लॅट नको." यात निदान कुठेही येत नाही आणि काम होते. डॉक्टरचे पत्र लागलेच तर त्यांना सांगा, "निदान लिहू नका, फक्त गरज लिहा." बहुतेक डॉक्टर तसे पत्र देतात.

आजार कळल्यावर एखाद्याने तोंडावर नकार दिला तर? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि त्याचे कलम ३ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करते. या कलमाच्या संरक्षणासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही. ती अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. पण एकट्यादुकट्या खाजगी घरमालकाला या कलमाखाली घर द्यायला भाग पाडणे व्यवहारात फार कठीण आहे. नकाराचा मेसेज जपून ठेवा आणि पुढचे घर बघा. नकार सोसायटीच्या कमिटीकडून आला असेल तर गोष्ट वेगळी आहे. ती पायरी ४ मध्ये येते.

पायरी ३: करारनामा. इथे घाई करू नका

महाराष्ट्रात आज बहुतेक घरे 'लिव्ह अँड लायसन्स'वर (म्हणजे भाडेदारीचा हक्क न देता, ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देऊन) दिली जातात, साधारण अकरा महिन्यांसाठी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असा समज अजून फिरतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर करारातील अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

आता नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचे मशीन घेऊन घरी येतो आणि दहा मिनिटांत काम उरकतो. सोय चांगली आहे, पण त्या दहा मिनिटांत तुम्ही मसुदा वाचलेला नसतो. मसुदा किमान दोन दिवस आधी मागा. मराठीत हवा असेल तर मराठीत मागा. विश्वासातल्या एका माणसाला तो वाचायला द्या. याच कायद्याच्या कलम २४ खाली घर खाली करून घेण्याची कारवाई होते तेव्हा लेखी लायसन्स करारात जे लिहिले आहे तेच अंतिम पुरावा धरले जाते. "तोंडी तर असे ठरले होते" हे तिथे चालत नाही.

मसुद्यात मी पुढच्या गोष्टी शोधेन आणि नसतील तर घालून घेईन.

लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोन्ही बाजूंनी असावा. बऱ्याच मसुद्यांत भाडेकरूला सहा महिने घर सोडता येत नाही, मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर कधीही घर मागू शकतो. तुमच्यासाठी स्थिर पत्ता हा उपचाराचाच भाग आहे, म्हणून मालकावरही तेवढेच बंधन हवे. सोबत एक सुटकेची वाट ठेवा: "वैद्यकीय कारणाने घर सोडावे लागल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, एक महिन्याची नोटीस पुरेशी राहील." मालक हे वाक्य सहसा मान्य करतात, कारण वैद्यकीय कारण कुणावरही येऊ शकते.

भाडे थकल्यावर काय होईल ते स्पष्ट लिहून घ्या. आजाराच्या काळात सगळ्यात आधी विसरतात ती बिले आणि भाडे. "भाडे थकल्यास मालक लेखी कळवेल आणि ते भरण्यासाठी पंधरा दिवस देईल. तीच सूचना खालील दुसऱ्या व्यक्तीलाही पाठवील," आणि खाली बहिणीचा, मित्राचा किंवा ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांचा नंबर. मला हे वाक्य संपूर्ण करारातले सर्वात मोलाचे वाटते. चुकलेले एक भाडे आणि गेलेले घर यांच्यामध्ये अनेकदा वेळेवर आलेला एक फोनच असतो.

मालक घरात कधी येऊ शकतो? "आदल्या दिवशी कळवून, दिवसाउजेडी, भाडेकरू घरात असताना" असे लिहून घ्या. मालकाकडे दुसरी चावी असेल तर ती फक्त गॅसगळती, आग, पाणीगळती अशा वेळीच वापरायची, हेही.

'उपद्रव' या शब्दाखाली काहीही घातलेले असते. "शेजाऱ्यांची तक्रार आल्यास तात्काळ घर खाली करावे लागेल" असे वाक्य दिसले तर थांबा. त्याऐवजी "लेखी तक्रार, तिची प्रत भाडेकरूला, आणि सुधारण्यासाठी तीस दिवस" असा क्रम मागा.

पाणी आणि वीज तोडणार नाही हे वाक्यही असू द्या. १९९९ च्या कायद्याचे कलम २९ घरमालकाला योग्य कारणाशिवाय पाणी, वीज, लिफ्ट अशा अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करते. पण ते भाडेकरूंसाठी लिहिलेले आहे, आणि लायसन्सवर राहणारा त्यात बसतो का यावर समोरचा वकील वाद घालू शकतो. करारात वाक्य असले की तो वाद तुमच्यासाठी गौण होतो.

डिपॉझिट परत किती दिवसांत मिळेल, कशाकशाची कपात होईल, हे लिहा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढे डिपॉझिट सुचवले आहे. तो नुसता नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय कुणावर बंधनकारक होत नाही. तरी बोलणी करताना आकडा म्हणून तो हाताशी असू द्या. ताबा घेताना भिंती, नळ, पंखे, दारे यांचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा.

शेवटची गोष्ट, नाव कुणाचे. तुमच्यासोबत भाऊ, जोडीदार किंवा मैत्रीण राहणार असेल तर त्यांचेही नाव सह-लायसन्सी म्हणून घाला. अनेकजण त्याऐवजी मुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निश्चिंत होतात. त्यात एक मोठी खोच आहे. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारा माणूस अस्वस्थचित्त झाला की त्याने दिलेला अधिकार संपतो. म्हणजे नेमक्या ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी त्यावर बोट ठेवले जाऊ शकते. मानसिक आरोग्य कायद्यात कलम १४ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तो जरूर नेमा, पण त्याचे अधिकार उपचारापुरते आहेत, घरापुरते नाहीत. घराच्या बाबतीत करारातले दुसरे नाव आणि बँकेतली स्थायी सूचना (दर महिन्याला भाडे आपोआप जाण्याची सोय), याच दोन गोष्टी खरोखर चालतात.

पायरी ४: सोसायटी आणि पोलीस व्हेरिफिकेशन

व्हेरिफिकेशन ही मालकाची जबाबदारी. ऑनलाइन होते, पोचपावती घ्या आणि विषय संपवा.

सोसायटीचे मात्र थोडे जास्त सांगावे लागेल. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (बायलॉजनुसार) सभासद आपला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीला कळवतो आणि कागदाची प्रत देतो. कमिटीने भाडेकरूची मुलाखत घेऊन "हा चालेल, तो नाही" असे ठरवणे ही पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे, पण ती कायद्याने आलेली नाही. कुणी तुम्हाला 'मुलाखतीला' बोलावले तर शिष्टाचार म्हणून जा, ओळख करून द्या, आणि तब्येतीचा प्रश्न आला तर वर दिलेलेच उत्तर द्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'खाजगी आस्थापना' याच्या व्याख्येत सहकारी संस्था स्पष्टपणे येतात. त्यामुळे कमिटीने आजाराच्या कारणावरून लेखी अडवणूक केली तर तुमची बाजू एकट्या घरमालकाविरुद्ध असते त्यापेक्षा भक्कम असते. तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे करता येते. त्यासाठी अडवणूक लेखी हवी. कमिटी तोंडीच बोलत असेल तर तुम्ही त्यांना मेल करा: "आज आपण मला असे सांगितलेत, माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवावे." उत्तर आले नाही तरी तुमचा मेल हा कागद झालाच.

पायरी ५: राहायला गेल्यावर लागणारी सवलत

ती मागायला लाजू नका, पण छोटी आणि नेमकी मागा. नमुना म्हणून हा मेसेज बघा:

"नमस्कार काका. तब्येतीच्या कारणाने अचानक बेल वाजली की मला फार त्रास होतो. घर बघायला किंवा प्लंबरला घेऊन यायचे असेल तर कृपया आदल्या दिवशी मेसेज करा, मी नक्की घरी थांबेन. भाडे ठरल्याप्रमाणे ५ तारखेला जमा होईल."

मागणी, कारण, आणि मालकाला हवा असलेला दिलासा, तिन्ही चार ओळींत आले. अशाच प्रकारे सगळे बोलणे फोनऐवजी लेखी करण्याची विनंती करता येते, उपचार करणाऱ्या कार्यकर्त्याला घरी येऊ देण्याचे सांगता येते, किंवा पगार उशिरा होतो म्हणून भाड्याची तारीख पुढे सरकवून घेता येते. कारण "तब्येत" एवढेच पुरते.

पायरी ६: आजार बळावेल तेव्हासाठी

हे काम बरे असतानाच करायचे आहे. एका पाकिटात करारनाम्याची प्रत, मालकाचा नंबर, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, डॉक्टरचा पत्ता आणि चालू औषधांची यादी ठेवा. ते पाकीट कुठे आहे हे एका माणसाला माहीत असू द्या. भाड्यासाठी बँकेत स्थायी सूचना लावा आणि त्या खात्यात जमलेच तर दोन महिन्यांचे भाडे शिल्लक राहील असे बघा. २०१७ च्या कायद्याचे कलम ५ तुम्हाला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क देते: कसे उपचार हवेत, कसे नकोत.

रुग्णालयात दाखल झालात म्हणून घर जात नाही. भाडे चालू आहे आणि मुदत संपलेली नाही तोवर ते घर तुमचेच राहते. मालक तुमचे सामान बाहेर काढू शकत नाही, दुसऱ्याला घर देऊ शकत नाही. दाखल होताना किंवा झाल्यावर कुणाकडून तरी एवढाच मेसेज पाठवा: "मी काही दिवस बाहेर आहे, भाडे सुरू राहील, काही लागले तर या नंबरवर बोला."

घरमालक किंवा सेक्रेटरी तुम्हाला परस्पर 'भरती' करू शकत नाही. तुमच्या संमतीशिवाय दाखल करण्याची पद्धत २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये आहे. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. शेजाऱ्यांच्या सह्यांच्या निवेदनाला इथे स्थान नाही.

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले तर? भटकत असलेल्या किंवा स्वतःला वा इतरांना धोका होईल अशा स्थितीतल्या आजारी माणसाला पोलीस कलम १०० खाली संरक्षणात घेऊ शकतात. पण त्याला कोठडीत ठेवता येत नाही. लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. सोबतच्या माणसाने हे वाक्य शांतपणे म्हणायचे: "हे आजारी आहेत, यांना दवाखान्यात न्यायचे आहे, कोठडीत नाही." स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न झाला असेल तर कलम ११५ लक्षात ठेवा. अशा माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरले जाते, त्याला शिक्षा करायची नसते, सरकारने त्याची काळजी घ्यायची असते. कुणी "आता केस होईल, घर सोडा" म्हणून घाबरवले तर घाबरू नका. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते. जिवाला धोका असेल तर ११२.

तब्येत सावरल्यावर शेजाऱ्यांशी एकदा बोलून घ्या. "त्या रात्री आवाजाचा त्रास झाला, वाईट वाटते, पुन्हा असे होऊ नये म्हणून उपचार घेतो आहे." याने पुढच्या दहा तक्रारी टळू शकतात. निदान सांगायची गरज तेव्हाही नाही.

पायरी ७: "घर खाली करा" म्हटले तर

आधी मुदत बघा. मुदतीच्या आत, तुमची चूक नसताना मालकाने बाहेर काढले तर १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ६४ नुसार नुकसानभरपाई मागता येते. लायसन्स रद्द झाले तरी कलम ६३ खाली घर सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे. आजच्या आज बाहेर, हा कायदा नाही.

मुदत संपली असेल तर मात्र ताणू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाऊ शकतो, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने पैसे भरायला लागू शकतात. प्राधिकाऱ्याचे समन्स आले तर ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी घ्यावी लागते. समन्सचे पाकीट न उघडता कपाटात टाकणे हेच सर्वात महाग पडते. डिप्रेशनमध्ये टपाल उघडणेही अंगावर येते, हे खरे आहे. म्हणून टपाल उघडायला आठवड्यातून एकदा कुणालातरी बोलवा.

पागडीचे किंवा जुने संरक्षित भाड्याचे घर असेल तर तुमची स्थिती बरीच मजबूत असते. तिथे भाडे थकल्यावरून (कलम १५) किंवा कलम १६ मध्ये दिलेल्या कारणांवरूनच, आणि न्यायालयातूनच घर खाली करून घेता येते. शेजाऱ्यांना उपद्रव हे कलम १६ मधले एक कारण आहे. आजार हे कारण त्या यादीत नाही.

मालकाने बाहेरून कुलूप लावले, वीज तोडली, माणसे पाठवली, तर या क्रमाने जा: व्हिडिओ काढा, ११२ ला फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. भारतीय न्याय संहितेत अन्यायाने अडवणे कलम १२६ मध्ये, गृह-अतिक्रमण कलम ३२९ मध्ये आणि धमकावणे कलम ३५१ मध्ये येते. "हा दिवाणी मामला आहे" असे उत्तर मिळाले तर तक्रारीत ही कलमे लिहून पुन्हा द्या. कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा हिसकावला असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये ताबा नेमका कुणाचा यावर वाद होतो, म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. चारचौघांत "वेडा" म्हणून मुद्दाम अपमान केला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये त्याला सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, फोनसाठी १५१०० हा क्रमांक आहे. इथे दिव्यांग प्रमाणपत्र उपयोगी पडते. घरमालकाला ते दाखवण्याची गरज नाही, पण काढून ठेवलेले बरे.

विवाहित स्त्रीला "तू आजारी आहेस, माहेरी जा" म्हणून भाड्याच्या घरातून काढले जाते, हे फार घडते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मध्ये 'सामायिक घर' म्हणजे नवऱ्याच्या नावावरचे भाड्याचे घरही येते. तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. दंडाधिकारी नवऱ्याला तशाच दर्जाचे दुसरे घर देण्याचा किंवा त्याचे भाडे भरण्याचा आदेशही देऊ शकतात.

रुग्णालयातून थेट घर हवे असेल

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही घर नाही म्हणून राहिलेली माणसे आहेत. २०१७ च्या कायद्याचे कलम १९ म्हणते की घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा घरच नाही, एवढ्या कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. कलम ९८ नुसार सुट्टीआधी पुढची योजना तुमच्याशी बोलून ठरवायची असते. तेव्हाच समाजसेवा अधीक्षकांना घराचा प्रश्न विचारा. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने 'होम अगेन' या उपक्रमात अशा माणसांची छोटी गटघरे साध्या वस्तीत भाड्याने घेऊन उभी केली. पाठीशी कार्यकर्ता, पण दार स्वतःचे. एकट्याने घर घेण्याचे बळ लगेच नसेल तर दोघातिघांनी मिळून घेतलेला फ्लॅट हा चांगला मधला टप्पा असतो. फक्त करारात सगळ्यांची नावे घाला.

आई-वडिलांसाठी

"आमच्यामागे याचे काय?" हा प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांनी, घर पागडीचे किंवा संरक्षित भाड्याचे असेल तर, आजच थोडे कागद तयार करावेत. १९९९ च्या कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे राहत्या घराची भाडेदारी जाते. म्हणजे मुलगा किंवा मुलगी तिथेच राहत होती हे पुढे दाखवता आले पाहिजे. शिधापत्रिका, आधार, मतदार यादी, बँकेचे पासबुक, दवाखान्याचे केस पेपर, या सगळ्यांवर तोच पत्ता आणून ठेवा. दर महिन्याच्या भाड्याची पावती मागून घ्या, ती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाऊ-बहिणी असतील तर भाडेदारी कुणाकडे जावी यावर तुमच्या हयातीतच त्यांची लेखी संमती घ्या, कारण एकमत झाले नाही तर ते न्यायालय ठरवते. आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव करारात आधी घाला.